शैक्षणिक कर्जमाफीच्या आश्वासनावर विसंबून हप्ते थांबवावेत का?

अजिबात नको. इथं सांगलीत माझ्या भाच्यानं हेच केलं. इंजिनिअरिंगचं कर्ज, तोंडावर निवडणूक, "माफ होणारच आहे" म्हणून पाच हप्ते चुकवले. माफी आली नाही. त्याचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) घसरला आणि सहकर्जदार असलेल्या दाजींना बँकेचे फोन सुरू झाले. त्यांचा काय दोष?

अमेरिकेत तर तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या बायडन यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये १० हजार डॉलरपर्यंत, काहींना २० हजारांपर्यंत माफी जाहीर केली होती. लाखो लोकांनी अर्ज भरले. ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टानं ती ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली, कारण सरकारनं ज्या कायद्याचा आधार घेतला होता त्यात एवढा अधिकारच नव्हता. आधीपासून कायद्यात असलेल्या योजनांतून मात्र अनेकांना खरंच माफी मिळाली. फरक तिथंच आहे.

आपल्याकडे २०२४ च्या जाहीरनाम्यात काँग्रेसनं १५ मार्च २०२४ पर्यंतची थकबाकी माफ करू म्हटलं. सत्ता आली नाही, विषय तिथंच थांबला.

शासन निर्णय हातात पडेपर्यंत हप्ता भरत राहा. झेपत नसेल तर हप्ता थकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागा.