बेळगावात गच्चीवर छोटं ग्रीनहाऊस बांधून मातीशिवाय भाजी पिकवता येते का?

येते. मी अनगोळात गच्चीवर चार वर्षं करतेय. तुम्ही लिहिलंय की दहा बाय दहाची जागा आहे आणि ग्रीनहाऊस करून देणारा चारी बाजूंनी प्लास्टिक मारून बंद खोली करायची म्हणतोय. त्याला आधी थांबवा.

बंद ग्रीनहाऊस हा थंड मुलखातला प्रकार, झाडाला ऊब द्यायला. आपल्याकडे ऊब कुणाला हवीय? एप्रिलमध्ये बाहेर ३६ असलं की माझ्या पहिल्या बंद खोलीत काटा ४५ च्या वर जायचा. लेट्यूस उकडलेल्या पालेभाजीसारखं दिसायचं. बेळगावात वर छप्पर लागतं ते पावसासाठी. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, त्यात उघडा टब ठेवला की मोजून घातलेलं खत दोन तासांत पातळ. म्हणून वर २०० मायक्रॉनचा यूव्ही प्लास्टिक कागद उतार देऊन, बाजूंना फक्त किडीची बारीक जाळी, आणि उन्हाळ्यात वरून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. बाजू उघड्या राहिल्या तर पावसाळ्यात भुरीही (पानांवरची पांढरी बुरशी) कमी येते. सांगाडा मात्र स्लॅबला नीट बांधा. एका मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं माझा कागद सुटून शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन पडला होता. पुढचे आठ दिवस मी जिन्यानं खाली उतरताना इकडे तिकडे बघून उतरत होते.

आता पद्धत. व्हिडिओत पांढऱ्या पाइपांची रांग दिसते ना, त्यात मुळांखालून पाण्याची पातळ धार सतत वाहावी लागते. मीही आधी तेच घेतलं. भर दुपारी दोन तास वीज गेली, मुळं कोरडी पडली आणि संध्याकाळपर्यंत सगळी रोपं मान टाकून बसली. तेव्हापासून मी खोल टब वापरते. वीस लिटर पाणी, झाकणाला भोकं, भोकात जाळीचे कप, आणि फिश टँकचा छोटा एअर पंप. वीज गेली तरी झाड लगेच मरत नाही. पालेभाजीला तर पंपाशिवायही चालतं, त्याला क्रॅटकी पद्धत म्हणतात: पाणी हळूहळू उतरतं, वर उघडी पडलेली मुळं हवेतून ऑक्सिजन घेतात, खालची पाण्यातून खत. फक्त टब मध्येच पुन्हा काठोकाठ भरायचा नाही, नाहीतर हवेतली मुळं गुदमरतात. ही चूक सगळेच करतात, प्रेमापोटी.

खत दोन डब्यांत येतं, ए आणि बी. दोन का, असं मलाही वाटलं होतं, म्हणून घट्ट द्रावणंच एकत्र ओतली. खाली पांढरा चुन्यासारखा साका बसला. एका डब्यात कॅल्शियम नायट्रेट असतं, दुसऱ्यात सल्फेट आणि फॉस्फेट. घट्टपणी ती भेटली की कॅल्शियम बांधला जातो आणि झाडाला मिळत नाही. आधी भरपूर पाण्यात ए ढवळा, मग बी.

पाणी हा खरा मुद्दा. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, कोराच साडेचारशेच्या वर, म्हणजे खत घालायच्या आधीच जागा भरलेली. शिवाय ते पाणी पीएच (आम्लतेचं माप) सारखा वर ढकलतं. पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवायचा. त्याच्या वर गेला की लोह मिळेना होतं आणि नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. लिंबू पिळून बघितलंय, दोन दिवसांत जैसे थे. फॉस्फोरिक ॲसिडचे थेंब घाला, हातमोजे घालून. जमलं तर नळाचं पाणी अर्धं मिसळा. पावसाळ्यात छपराच्या उताराला पन्हळ लावून पिंप भरून घ्या, त्याच्याइतकं स्वच्छ पाणी विकतही मिळत नाही. ईसी म्हणजे पाण्यात किती खत विरघळलंय त्याचं माप; लेट्यूसला तो १.२ ते १.८ पुरतो, पालकाला थोडा जास्त. मीटर पीपीएममध्ये दाखवत असेल तर तो ईसी १ म्हणजे ५०० धरतो की ७०० ते आधी बघा, कारण तेच पाणी एका मीटरवर ७०० तर दुसऱ्यावर ९८० दिसतं.

उन्हाळ्यात पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. मुळं पांढरी हवीत. तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी झाली की कुज लागली समजा. मी टबांना पांढरं पोतं गुंडाळते आणि एप्रिल-मेमध्ये लेट्यूस लावतच नाही, राजगिरा आणि पुदिना लावते.

टोमॅटो जाळीआड लावलात तर मधमाशी येणार नाही, सकाळी फुलांचे घोस बोटानं हलवावे लागतात. मुळा, गाजर, रताळी यांच्या नादी लागू नका, ती आपल्या लाल मातीतच बरी. मेथीला तर मी कुंडीच वापरते. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, “काय करूलीस गे हे, मातीबिगर?” आता चहात घालायला पुदिना त्याच तोडून नेतात.

पैशाचं म्हणाल तर आधी छपराला हात लावू नका. दिवाळी झाली की एक टब, पीएचचा आणि ईसीचा असे दोन मीटर आणि ए-बी खताच्या छोट्या बाटल्या घेऊन लेट्यूस लावा. थंडीत बेळगावची हवा त्याला मानवते आणि पाऊसही नसतो. झाकण काळं आणि गच्च बसणारं घ्या, उजेड लागला की शेवाळ धरतं आणि फट राहिली की डास अंडी घालतात.