२६ आठवड्यांना जन्मलेलं मूल शाळेत कधी घालायचं?

"मॅडम, वय तर बसतंय पण मन धजत नाही, एक वर्ष थांबवू का?" खूप लवकर जन्मलेल्या मुलांचे आईबाबा हा प्रश्न हमखास विचारतात. मध्यंतरी एक जोडपं आलं होतं, मुलगा २६ आठवड्यांना झालेला, म्हणजे १४ आठवडे आधीच. बाबा म्हणाले त्याला सगळं येतं, गाणी पाठ, अंक पाठ, आई म्हणाली येतं हो पण काहीतरी राहतंय. मला दोघांचंही पटलं.

मुलगा गोड, बोलका. पण मी म्हटलं चेंडू टोपलीत टाक आणि मग निळं पुस्तक आण, तर चेंडू टाकला आणि तिथेच उभा राहिला, दुसरं डोक्यातून निसटलंच. खडू धरून दोन रेघा मारल्या की हात दमायचा, शेजारच्या खोलीत आवाज झाला की लक्ष गेलंच तिकडे. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बऱ्याच मुलांमधे हे दिसतं. शेवटचे तीन महिने पोटात मेंदू भराभर वाढतो, घड्या पडतात, जोडण्या होतात, आणि तो काळ या मुलांचा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात जातो, त्यामुळे बुद्धी चांगली असली तरी दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवणं, एका जागी लक्ष टिकवणं, डोळा आणि हात जुळवणं आणि पुढे जाऊन गणित, हे जड जाऊ शकतं. आणि यातली कितीतरी मुलं दंगा करत नाहीत, गप्प बसून हरवलेली असतात, मग वर्गात कोणाच्या लक्षातच येत नाही किंवा आळशी म्हणून शिक्का बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

डॉक्टर करेक्टेड वय, म्हणजे प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेलं वय, दोन-तीन वर्षांपर्यंतच धरतात, शाळा मात्र जन्मतारीखच बघते. हा ठरलेल्या तारखेला जन्मला असता तर पुढच्या बॅचमधे गेला असता. म्हणून थांबावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. पण मी त्यांना विचारलं, थांबलात तर त्या वर्षात नक्की काय करणार? नुसतं घरी बसून हे भरून येत नाही. जर्मनीत प्रीमॅच्युअर मुलांवर एक अभ्यास झाला त्यातही नुसतं उशिरा शाळेत घातल्याचा फायदा दिसला नव्हता.

मग आधी तपासण्या करायला सांगितल्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लहानपणी झाली होती, नंतर कोणी बघितलंच नव्हतं, आणि या मुलांना चष्मा लागायची शक्यता जास्त असते. त्याला लागलाच. ऐकू नीट येत होतं. हातासाठी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे लिहिणं-धरणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतात तो सराव, सुरू केली आणि शेवटी ठरलं की शाळेत घालायचं, पण टीचरना सगळं सांगून.

इथे आई अडली, सांगितलं तर त्याला वेगळं वागवतील म्हणाली. भीती खरी आहे पण माझं मत अगदी स्पष्ट आहे, टीचरना माहीत नसेल तर मूल एकटं पडतं. काय सांगायचं ते आम्ही बसून लिहिलं: तो खूप लवकर जन्मलाय, त्याला समजतं सगळं, पण एका वेळी एकच सूचना द्या, पुढे बसवा, लिहायला थोडं कमी द्या, दमला तर पाच मिनिटं सोडा. पहिली टर्म संपली की टीचरशी बोलून परत माझ्याकडे यायचं आणि पहिलीत जायच्या आधी पुन्हा एकदा पूर्ण असेसमेंट करायची, तेव्हा गरज वाटली तर वर्ष थांबवायचा विचार करता येईलच.