दोनदा सेन्सर बदलूनही पी०१३५ परत येतोय? तिसरा विकत घेण्याआधी हे तपासा

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल गाडीत स्कॅनरवर पी०१३५ हा बिघाडाचा कोड येतो, गॅरेजमध्ये दोनदा ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलून झाला, तरी काही दिवसांनी चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागतो. आता तिसरा घ्यावा का? माझं स्पष्ट मत: घेऊ नका. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो आणि या कोडवर लोकांचे नाहक पैसे जाताना पाहून मला खरंच वाईट वाटतं.

हा कोड ‘सेन्सर खराब’ असं म्हणत नाही. पहिल्या बँकेच्या (सिलिंडरच्या पहिल्या रांगेच्या) पहिल्या सेन्सरच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरच्या, हीटर सर्किटमध्ये दोष आहे, एवढंच तो सांगतो. कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरचा कोड पी०१४१. बदलताना नेमका कुठला बदलला, ते आधी विचारून घ्या.

सर्किट म्हणजे काय, तर बॅटरीतून रिले (विजेवर चालणारा स्विच), तिथून फ्यूज, मग कपलरमधून (वायरी जोडणाऱ्या प्लगमधून) सेन्सरमधला हीटर, आणि हीटरची दुसरी वायर ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये. बहुतेक गाड्यांत हीटरला अर्थिंग (निगेटिव्हची बाजू) ईसीयूच देतो. या वाटेत कुठेही खोट असली तरी कोड तोच. सेन्सरचं सिरॅमिक साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय धड सिग्नल देत नाही, म्हणून हा हीटर. तो चालला नाही की इंजिन जास्त वेळ सेन्सरकडे न बघता ठरावीक हिशोबाने पेट्रोल टाकत राहतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं.

आधी फ्यूज बघा. मग गाडी गार असताना कपलर काढून सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरने ओहम (रोध) मोजा. एकाच रंगाच्या दोन वायरी असतात त्या सहसा हीटरच्या. पण रंग कंपनीनुसार बदलतात, तेव्हा डायग्रॅम बघितलेला बरा. साध्या चार वायरींच्या सेन्सरला बहुधा ३ ते १५ ओहमच्या दरम्यान आकडा येतो. आला, तर हीटर तुटलेला नाही.

आता खरी मेख. इग्निशन चालू करून गाडीच्या बाजूच्या कपलरवर मल्टिमीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि मेकॅनिक म्हणतो, ‘सप्लाय ओके आहे.’ मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्टच दाखवतो. हीटरला मात्र सुरुवातीला एक-दोन अँपिअर लागतात. म्हणून तिथे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. एक टोक सप्लायच्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास खातो. लख्ख पेटला तर सप्लाय चांगला. नुसती लालसर तार दिसली, तर तुमचा चोर सापडला: हिरवट पडलेली पिन, फ्यूजची ढिली पकड, नाहीतर रिलेचे जळके पॉइंट. बल्ब पेटता ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) बोटांनी हलवत जा. जिथे उजेड थरथरतो तिथली टेप सोला.

दोन जागा मी आवर्जून बघतो. एक, क्लिप तुटून वायर जिथे सायलेन्सरच्या पाइपाला किंवा हीट शील्डला टेकते. दुसरी, उंदरांनी कुरतडलेला भाग. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

ईसीयूची बाजू तपासताना २१ वॅटचा बल्ब वापरू नका, गार बल्ब सुरुवातीला फार करंट ओढतो. ५ वॅटचा पुरे. तो कपलरच्या हीटरवाल्या दोन पिनांमध्ये लावून इंजिन सुरू करा. पेटला किंवा लुकलुकला तर ईसीयू अर्थिंग देतोय. अजिबात पेटला नाही, तर आधी ईसीयूपर्यंतची वायर तपासा. ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी.

आणि नवे सेन्सर कपलरसकट आले होते, की जुना कपलर कापून वायरी पिळून टेप मारली होती? तसं असेल तर माझा पहिला संशय त्या जोडावर. जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) लावून घ्या. सोल्डर नको, कपलरमध्ये स्प्रे किंवा ग्रीसही नको. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत जाते.

दुरुस्तीनंतर कोड पुसून लगेच निकाल धरू नका. बऱ्याच गाड्यांत हीटरची चाचणी गार इंजिन सुरू केल्यावरच होते, आणि गाडी चालवण्याच्या सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लागतो. रात्रभर उभी ठेवून दोन-तीन सकाळी चालवा, मग स्कॅनर लावून पेंडिंग कोड (दोष दिसला, पण दिवा अजून लागला नाही असे) बघा.