‘आमच्याकडे पुरुष पंचावन्न बघत नाहीत’

"मॅडम, आमच्या घराण्यात पुरुष पंचावन्न बघत नाहीत. माझं एकोणपन्नासावं सरत आलंय." खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. मागून वहिनी आल्या, हातात औषधांची पिशवी. ते लंगडत होते, पण पायाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

अलिबागेत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या वेगवेगळ्या तोंडून हा प्रश्न येतो: आमच्यात साखर आहे, आमच्यात वेड आहे, आमच्यात अपघात लिहिलेलेच आहेत. मग मलाही तेच होणार का? ओळख पटू नये इतके तपशील बदलून या गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांना भाऊ म्हणू.

भाऊंच्या मुंबईतल्या चुलतभावाने मायहेरिटेज या वंशावळीच्या साइटवर वंशावळ सुरू केली आणि सगळ्यांना लिंक पाठवली. भाऊंना त्याचा नाद लागला. रात्री जेवण झालं की टॅबलेट घेऊन बसायचं, एक चौकोन भरला की त्याला जोडून दुसरा. एका रात्री त्यांनी सरळ रेघेत मरणाच्या वेळची चार वयं वाचली. आजोबांचे धाकटे भाऊ 34, आजोबा 51, काका 46, वडील 53. त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मनगटावर घड्याळ आलं आणि दर अर्ध्या तासाने नाडी बघणं सुरू झालं.

त्यानंतर व्यायाम. वीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला 86 किलोचा माणूस मोबाइलवरचा व्हिडिओ बघून पहाटे सिमेंटच्या अंगणात उड्या मारू लागला. दोरीवरच्या, उठाबशांतून उसळी घेऊन मारायच्या, आणि अंगणातून थेट ओट्यावर. चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. "हाड तयार होतंय," असं व्हिडिओतल्या मुलाने सांगितलं होतं म्हणे.

माझी पहिली चूक इथेच झाली. मी धीर दिला. आयुर्मान वाढलंय, उपचार सुधारलेत वगैरे. तो धीर फाटकापर्यंतही टिकला नसावा, कारण रात्री वहिनींचा मेसेज आला: ‘परत नाडी बघतायत.’ घाबरलेल्या माणसाला ‘काही होत नाही’ ऐकायची सवय लागते आणि दर वेळी मात्रा वाढवावी लागते. हे मला ठाऊक होतं, तरी केलंच.

पाय मात्र मी त्याच दिवशी बघायला लावला. नडगीवर बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दाबलं की ते कळवळत. स्नायू आखडला तर दुखणं पसरट असतं, असं बोटाने दाखवता येणारं दुखणं हाडाचं असू शकतं. एक्स-रे स्वच्छ आला. सुरुवातीच्या आठवड्यांत तो तसा येऊ शकतो. एमआरआयमध्ये केसासारखी चीर दिसली. साधं धावतानाही प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो, उडीवरून उतरताना त्याहून जास्त. हाड भार ओळखून मजबूत होतं, पण त्यासाठी आधी जुना भाग झिजवतं आणि मग नवा घालतं. नवा भरून यायच्या आत रोज आदळत राहिलं तर चीर पडते.

वहिनींनी आणखी एक सांगितलं. एकदा तीनशे उठाबशा काढल्यावर दोन दिवस लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. "उन्हाने असेल," म्हणून भाऊंनी सोडून दिलं. ते ऐकून मी हातातलं पेन खाली ठेवलं. अतिश्रमाने स्नायू फुटले की त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. असा रंग दिसला तर दवाखान्यात त्याच दिवशी जायचं असतं. ते त्या वेळी थोडक्यात वाचले.

पुढच्या भेटीला मी वंशावळ छापून आणायला सांगितली आणि प्रत्येक नावापुढे मरणाचं कारण लिहायला लावलं. चारही ठिकाणी त्यांनी ‘हार्ट’ लिहिलं.

"कोणी सांगितलं?"

"अचानक गेले, असंच ऐकत आलोय."

आपल्याकडे ‘अचानक’ या शब्दाखाली काय काय झाकलेलं असतं! मी विचारलं, सांगू शकेल असं कोणी उरलंय का? चौलला एक आत्या होती. डोळे तपासायला ती अलिबागेत येणारच होती, तिलाच घेऊन आले.

आत्याने कागद डोळ्यांजवळ धरला. पहिल्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "हा? हा रामदासवर होता." भाऊंना कळेना. जुलै 1947, गटारीच्या तोंडावर मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट उलटली, सहाशेहून अधिक माणसं बुडाली. "मी आठ वर्षांची होते. बाबा चार दिवस किनाऱ्याने हिंडत होते."

त्या बाबांना, म्हणजे भाऊंच्या आजोबांना, 1961 मध्ये पेंढा काढताना लाल विंचू चावला. घाम, गार पडलेले हातपाय, पहाटे तोंडाला फेस. हृदय बंद पडलं हे खरं, पण विंचवाच्या विषाने. प्राझोसिन या औषधाने अशी माणसं वाचवता येतात हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं ते पुष्कळ नंतर. काकांच्या नावावर आत्या थांबली, वहिनींकडे बघून आवाज खाली आणला. "बाटलीने नेला त्याला. तुम्हाला कोणी सांगितलं नाही एवढंच."

उरले वडील. ते खरंच हृदयविकाराने गेलेले. तिथे मी आत्यालाही मान डोलवू दिली नाही. बाप किंवा सख्खा भाऊ पंचावन्नच्या आत हृदयविकाराने आजारी पडला असेल, तर तो धोका डॉक्टर गंभीरपणे धरतात. भाऊंची भीती चौपट होती, पण मुळात खोटी नव्हती. तपासण्या झाल्या. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब दोन्ही चढलेले, गोळ्या सुरू झाल्या. सवय नसलेल्या माणसाने एकाएकी जीव तोडून केलेला व्यायाम हाही हृदयाला झटका देऊ शकतो, हे डॉक्टरांनी त्यांना ऐकवलं ते बरं झालं. माझ्या तोंडून पटलं नसतं.

आत्या अजून कागद चाळत होती. "मी कुठाय यात?"

नव्हतीच. आत्या नाही, एक्याण्णव वर्षं जगलेली आजी नाही. जुन्या छापील वंशावळीवरून चुलतभावाने फक्त पुरुष उतरवून घेतले होते. भाऊंनी तिथेच टॅबलेट काढला, चौकोन उघडला. साइटने विचारलं, व्यक्ती हयात आहे का?

"हयात लिही," आत्या म्हणाली, "आणि फोन नंबर बिंबर काही घालू नकोस. बँकेवाले म्हणून कोणीतरी सारखे फोन करतात."

आठ आठवडे उड्या बंद होत्या. आता डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. भाऊ ओहोटीला ओल्या वाळूवरून कुलाबा किल्ल्यापर्यंत जातात, पाणी चढायच्या आत परततात. नाडी अजून बघतात, घरी आल्यावर एकदा. आत्याच्या जन्मतारखेची जागा रिकामी आहे. श्रावणात झाली, एवढंच तिला माहीत आहे.