उतरायचं की नाही, हे पायथ्याशीच ठरव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

आपल्या बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या शेवटच्या चढावर दर वेळी उतरावं लागतं, सायकल ढकलत वर जाते, आणि वर पोचून पाणी प्यायलं की पाच मिनिटांत काही झालंच नव्हतं असं वाटतं, असं तू लिहिलंस. यातलं शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटलं. तुला नवी सायकल नको, मांड्यांचे व्यायाम वाढवायची घाईही नको. त्या वळणावर तुझ्या मनात काय चालतं, तिथे काम करायला हवं.

हे नुसतं धीर द्यायला म्हणून लिहीत नाही. २०१० साली सामुएले मार्कोरा आणि वॉल्टर स्टायानो या संशोधकांनी रग्बी खेळणाऱ्या तरुणांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं. सुमारे २४२ वॅटचा जोर धरून, आता पेडल फिरतच नाही म्हणेपर्यंत त्यांना चालवायला लावलं. ते थांबले की लगेच सांगितलं, आता फक्त ५ सेकंद जीव तोडून मारा. त्यांनी सरासरी ७३१ वॅट काढले, म्हणजे तिप्पट! याचा नेमका अर्थ काय, यावर जाणकारांत वाद आहेत. पण मला घाटात पुन्हा पुन्हा दिसलंय ते असं, की ‘संपलं’ असं मन म्हणतं तेव्हा पायात बरंच शिल्लक असतं.

म्हणून माझं सगळ्यात मोठं सांगणं हेच, की उतरायचं की नाही हे चढावर ठरवू नकोस. चढावर धाप लागलेली असते, घाम डोळ्यांत उतरत असतो, मागून कुणीतरी हॉर्न वाजवत असतो. त्या वेळी मन जो निकाल देईल तो सुटकेचाच असणार. निर्णय पायथ्याशी घे, श्वास शांत असताना, आणि स्पष्ट शब्दांत घे. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, गुडघ्यात कळ गेली किंवा अरुंद रस्त्यावर मोठी गाडी अंगावर आली, तर ताबडतोब उतरायचं, त्यात काही कमीपणा नाही. नुसती धाप लागली, मांड्या भरून आल्या, तर गिअर हलका करायचा आणि वेग चालण्याइतका झाला तरी बसून राहायचं. अमुक झालं तर तमुक करायचं, हे आधीच ठरलेलं असलं की वर गेल्यावर मनाशी वाद घालावा लागत नाही. त्या वादातच निम्मा दम जातो बघ.

आता डोळ्यांविषयी. येळ्ळूर सोडलं की गड समोर दिसायला लागतो आणि तिथूनच तुझी छाती दडपते, होय की नाही? चढ पाहताना डोळे सगळ्यांनाच फसवतात. डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हे मोजून मांडलं. ५ अंशांचा चढ किती असेल असं विचारल्यावर लोक सरासरी २० अंश सांगत होते. ५ अंश म्हणजे १०० मीटर पुढे जाताना साधारण ९ मीटर वर जाणं. सायकलला तेवढा चढही कष्टाचा असतो, पण दिसतो त्याच्या जवळपासही तो नसतो. गंमत अशी, की त्याच लोकांना हाताखालची फळी न बघता चढाइतकी तिरकी करायला सांगितली, तर अंदाज खऱ्याच्या बराच जवळ आला. मी यातून एवढंच घेतलं, की चढ किती आहे हे डोळ्यांना विचारायचं नाही, पेडलला विचारायचं. वाहनं आणि वळण बघण्यापुरती मान वर कर, बाकी नजर चाकाच्या पुढे दहा-पंधरा फुटांवर ठेव. गड वर आहे, तो तिथेच राहणार आहे. तुला पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जायचंय. खांब मागे पडला की लगेच त्याच्या पुढचा धरायचा, मध्ये ‘अजून किती उरलं’ हा हिशेब येऊ द्यायचा नाही.

तुला मनात बोलायची सवय आहे, तीच कामाला लाव. २०१४ साली एका प्रयोगात दोन आठवडे स्वतःशी बोलायचा सराव केलेल्या लोकांनी सायकलवर पूर्वीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त वेळ तग धरला, आणि त्यांना श्रमही कमी जाणवले. सराव हा यातला कळीचा भाग आहे. चढ लागल्यावर एखादं वाक्य शोधायला गेलीस तर सापडणार नाही, ते आधी सपाटीवर घोटून ठेवायचं. पुढे २०१९ साली १० किलोमीटरच्या सायकल शर्यतीवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की ‘मी करीन’ म्हणण्यापेक्षा स्वतःला ‘तू करशील’ असं म्हटल्यावर वेळ सुधारते. तेव्हा ‘मला जमतंय’ नको. ‘तुला जमतंय, बस, मारत राहा’ असं म्हण, शेजारून कुणी धीर देतंय तसं.

अगदी उभ्या चढावर मात्र एवढं वाक्यही जड होतं. तिथे मी दिंडीची लय धरते. आपल्या सीमाभागातून आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांत माणसं मैलोन्‌मैल चालतात ती त्या गजरावरच. उजवा पाय खाली गेला की ‘ज्ञानबा’, डावा गेला की ‘तुकाराम’. त्या लयीत श्वास आपोआप बसतो आणि मनाला भटकायला जागा उरत नाही. तुला दुसरं काही जवळचं वाटत असेल तर ते घे, फक्त ते दोन पायांवर सारखं पडायला हवं. आणि खांदे सैल सोड, दात आवळू नकोस, हँडल घट्ट पकडू नकोस. तोंडावरचा ताण गेला की चढही थोडा सुसह्य वाटतो, करून बघ.

तू क्लास सुटल्यावर संध्याकाळी गडाला जातेस ते मला पटत नाही. २००९ च्या मार्कोरांच्याच एका प्रयोगात ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम केलेली माणसं सायकलवर नेहमीपेक्षा सुमारे १५ टक्के लवकर थांबली. हृदयाचे ठोके वगैरे सगळं नेहमीसारखंच होतं, फक्त श्रम जास्त वाटत होते. दिवसभर गणितं सोडवून आलेलं मन चढावर लगेच हार मानतं आणि दोष तू पायांना देतेस. रविवारी पहाटे जा, आणि निघण्याआधी मोबाईल उघडू नकोस.

आता गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या तुझ्या बेताबद्दल. आपण घाटमाथ्यावरची माणसं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे कोकणाकडे वा गोव्याकडे निघालं की आपल्याला उतार आधी आणि चढ नंतर लागतो. पायथ्याशी राहणारा ताज्या मनाने घाट चढतो आणि उतरत घरी जातो, आपलं सगळं उलटं. जांबोटी, कणकुंबीपर्यंत चढउतार, मग अंजुणे धरणाचं पाणी बघत केरीपर्यंत सुसाट उतार. तिथे मन म्हणतं झालं, पोचलो! आणि खरा घाट तर परतीला आहे, दुपारच्या दमट उन्हात. त्यामुळे चोर्ल्यात उताराला लागण्यापूर्वी थांब, खाऊन घे, आणि मनाला सांगून ठेव की सहल इथून सुरू होतेय. उतरताना प्रत्येक वळण नीट बघ, कारण तेच तुला वर येताना लागणार आहे. कुठे सावली आहे, कुठे रस्ता जास्त उभा होतो, हे तेव्हाच कळतं. ओळखीचा चढ मनाला दुप्पट सोपा जातो, हे माझं ठाम मत आहे.

आंबोली पावसाळा संपल्यावर कर. पावसात तिथे धबधब्यांवर गाड्यांची इतकी गर्दी असते की दाणोलीहून वर येताना लयच सापडत नाही. तिलारी घाट इतक्यात नको, तो फार उभा आहे. वंटमुरी आणि तवंदी घाटांत सरावासाठी जाऊ नकोस, महामार्गावरच्या ट्रकांमध्ये मन चढावर राहत नाही आणि राहूही नये.

पुढचे काही रविवार फक्त राजहंसगड. वर पोचलीस की नाही, ते मला कळवू नकोस. पायथ्याशी काय ठरवलं होतंस आणि वर ते पाळलंस का, तेवढं लिही. पाऊस ओसरला की चोर्ल्याला आपण दोघी मिळून जाऊ. दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे आणि मागचा लाल दिवा तुझ्याकडे हवा, पंक्चरचं सामान माझ्याकडे आहे.

तुझी,
मावशी