वेब अ‍ॅप्लिकेशनसाठी ऑटोमेटेड अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंगचं एन्व्हायर्नमेंट कसं उभं करावं?

तुम्ही लिहिलंय की पतसंस्थांसाठीचं जँगोमधलं (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) अ‍ॅप्लिकेशन आहे, चार डेव्हलपर आणि एक टेस्टर आहेत, आणि प्रत्येक रिलीजआधी दोन दिवस हाताने स्क्रीन तपासण्यात जातात. ब्राउझर आपोआप चालवून तपासणाऱ्या टूलपैकी सेलेनियम घ्यावं की प्लेराइट आणि सुरुवात कुठून करावी, हा तुमचा प्रश्न. मी अशाच ठेवी-कर्जाच्या सॉफ्टवेअरसाठी हे काम केलंय, त्यावरून सांगतो.

टूलचं आधी उरकतो. सेलेनियम २००४ पासून आहे, त्याची ब्राउझर चालवण्याची पद्धत, वेबड्रायव्हर, २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झाली, त्यामुळे तुमच्याकडे त्यात लिहिलेल्या टेस्ट असतील तर त्या टाकून देऊ नका. कोऱ्या पाटीवर सुरुवात असेल तर प्लेराइट घ्या. बटण दिसेपर्यंत आणि क्लिक घेण्याजोगं होईपर्यंत ते स्वतःच थांबतं, आणि टेस्ट पडली की ट्रेस (टेस्टच्या पायऱ्यांची नोंद) उघडून प्रत्येक पायरीला पान कसं दिसत होतं ते बघता येतं. पण टूल निवडणं हे एका दुपारचं काम आहे. टेस्ट आज, उद्या आणि रात्री दोन वाजताही त्याच परिस्थितीत चालली पाहिजे, ती परिस्थिती उभी करण्यात खरे आठवडे जातात.

रात्री दोन म्हणालो, त्यामागे अनुभव आहे. आमची एक टेस्ट होती: आज मुदत संपणारी ठेव तयार करायची आणि 'मुदत पूर्ण' असा शेरा दिसतो का ते पाहायचं. दिवसा कितीही वेळा चालवा, पास. रात्री आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये मात्र 'मुदत संपण्यास १ दिवस बाकी'. टीममध्ये सगळ्यांनी तिला 'फ्लेकी' (कारण नसताना कधी पास, कधी नापास होणारी) ठरवून टाकलं होतं, मीही. तिसऱ्या रात्री ट्रेस उघडून बसलो तेव्हा कळलं. सेटिंगमध्ये टाइमझोन भारताचाच होता, पण कोडमध्ये कोणीतरी जँगोकडून आत्ताची वेळ घेऊन तिच्यातून थेट तारीख काढली होती. टाइमझोनचा आधार चालू असला की जँगो ती वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, देतं. म्हणजे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात तिच्यातून निघणारी तारीख कालची! तिथे स्थानिक तारीख देणारं जँगोचं लोकलडेट वापरायला हवं होतं. आणि चूक फक्त टेस्टपुरती नव्हती. दिवसअखेरचं काम प्रत्यक्ष सर्व्हरवर साडेबाराला चालायचं, त्यामुळे मुदत संपलेल्या ठेवींची यादी खरोखरच एक दिवस उशिरा निघत होती. एखाद्या टेस्टला फ्लेकी म्हणण्याआधी ती नेमकी कधी पडते हे लिहून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तेव्हापासून मी पहिलं काम घड्याळाचं करतो. 'आजची तारीख' देणारं अख्ख्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये एकच फंक्शन असावं आणि टेस्टच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये त्याला हवी ती तारीख देता यावी. ३१ मार्च आणि २९ फेब्रुवारी या दोन तारखांना व्याजाच्या टेस्ट चालवून बघा, बरंच काही बाहेर येईल.

दुसरं काम डेटाचं. प्रत्यक्ष संस्थेचा बॅकअप उचलून टेस्टिंगला वापरू नका. त्यात सभासदांचे आधार, पॅन आणि मोबाईल नंबर असतात, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नसता तरी ते चुकीचंच होतं. त्याऐवजी शाखा, ठेवींचे प्रकार, व्याजदर असा लहानसा पायाभूत डेटा स्वतः तयार करा. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर हा भरलेला डेटाबेस टेम्प्लेट म्हणून ठेवून प्रत्येक रनसाठी त्याची नवी प्रत काही सेकंदांत काढता येते. फक्त प्रत काढताना टेम्प्लेटला कुठलंही कनेक्शन जोडलेलं नको. आणि प्रत्येक टेस्टने आपला सभासद आपणच तयार करावा, तोही एपीआयमधून, म्हणजे स्क्रीन न उघडता थेट सर्व्हरला विनंती पाठवून. सभासद नोंदणीची स्क्रीन तपासायला एक टेस्ट पुरते. बाकी चाळीस टेस्टनी तोच फॉर्म पुन्हा भरत बसायचं कारण नाही.

डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या साहित्यासह वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या टूलमध्ये, क्रोम चालवणार असाल तर दोन गोष्टी आधीच करून ठेवा. कंटेनरला शेअर्ड मेमरी मुळात ६४ एमबीच मिळते, तेवढ्यात मोठं पान उघडताना क्रोम मधेच कोसळतं; ती १ जीबी करा. आणि कंटेनर ज्यावरून तयार होतो त्या इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट टाका, लोहित किंवा नोटो. नाहीतर स्क्रीनशॉटमध्ये आणि पावतीच्या पीडीएफमध्ये नुसते चौकोन दिसतील.

मराठी स्क्रीन असतील तर इथे थोडं जास्त थांबावं लागतं. ब्राउझरचा लोकेल (भाषा आणि देशाची निवड) मराठी-भारत ठेवला की जावास्क्रिप्टची आकडे छापण्याची सोय आपोआप देवनागरी अंक देते, १,००,००० असे. टेस्ट इंग्रजी अंक शोधत असेल तर पडणारच. म्हणून लोकेल आणि टाइमझोन दोन्ही कॉन्फिगमध्ये स्पष्ट लिहा, मशीनच्या भरवशावर सोडू नका. नावांचा घोळ याहून खोल आहे. 'कऱ्हाड' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: कुठल्या कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर हलन्त करून, कुठल्यावर साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन केलं तरी ते एक होत नाहीत. आमच्या सभासद-शोधाच्या टेस्टमध्ये मी मुद्दाम दोन्ही रूपं घातली आणि शोध अर्धेच सभासद देतोय हे त्याच दिवशी कळलं.

अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट म्हणजे ग्राहकाने 'हो, हेच हवं होतं' म्हणायची टेस्ट. मग ती ग्राहकाला वाचता आली पाहिजे. क्युकंबर हे साध्या वाक्यांत लिहिलेल्या टेस्ट चालवणारं टूल आहे; त्याची गर्किन भाषा मराठी कीवर्ड ओळखते, फाईलच्या पहिल्या ओळीत मराठीचा कोड दिला की झालं. आमच्याकडची एक फाईल साधारण अशी होती:

वैशिष्ट्य: मुदतपूर्व ठेव मोडणे
परिदृश्य: सहा महिन्यांनी ठेव मोडली
दिलेल्या प्रमाणे सभासदाची १ लाख रुपयांची १२ महिन्यांची ठेव ९ टक्के दराने आहे
जेव्हा सभासद ६ महिन्यांनी ठेव मोडतो
मग व्याज ८ टक्के दराने मिळते

ही प्रिंट घेऊन मी संस्थेच्या लेखापालांसमोर बसलो. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "साहेब, ९ मधून १ वजा नाही करायचा. ठेव सहा महिने राहिली ना, मग सहा महिन्यांच्या ठेवीचा दर धरा आणि त्यातून १ टक्का कापा." त्यांचा सहा महिन्यांचा दर ७ होता, म्हणजे व्याज ६ टक्क्यांनी. आमचा कोड, आमची टेस्ट आणि आमचा समज, तिन्ही एकमेकांशी अगदी जुळत होते आणि तिन्ही चूक होते. तुमच्या टेस्टरला ब्राउझर ऑटोमेशन शिकवण्याआधी अशा एका बैठकीला घेऊन जा.

बाहेरच्या सेवांचं थोडक्यात: ओटीपीच्या एसएमएससाठी खोटा गेटवे लिहा, तो मेसेज फक्त साठवेल आणि टेस्ट तिथून ओटीपी वाचेल. ईमेलसाठी, मेल बाहेर न पाठवता पकडून ठेवणारं मेलपिट चांगलं चालतं.

मग पाइपलाइन, म्हणजे हे सगळं ओळीने आपोआप चालवणारी साखळी. जी डॉकर इमेज प्रत्यक्ष सर्व्हरवर जाणार तीच डॉकर कंपोजने उभी करा, हेल्थचेक (सेवा तयार आहे का याची तपासणी) पास होईपर्यंत थांबा, डेटाबेसची रचना अद्ययावत करणारं मायग्रेशन चालवा, टेस्ट चालवा, पडलेल्या टेस्टचे ट्रेस जपून ठेवा आणि सगळं पाडून टाका. प्लेराइटची इमेज आणि प्रोजेक्टमधलं पॅकेज यांची व्हर्जन तंतोतंत एकच असू द्या, नाहीतर ब्राउझर सापडत नाही म्हणून रन सुरूच होणार नाही. टेस्टमध्ये ठरावीक सेकंद थांबण्याची ओळ कोणी लिहिली तर रिव्ह्यूमध्येच परत पाठवा.

पहिल्या महिन्यात पाचच टेस्ट लिहा: लॉगिन, ठेव उघडणं, हप्ता भरणं, ठेव मोडणं, दिवसअखेर. त्या सलग दोन आठवडे रोज रात्री हिरव्या राहिल्या की सहावी लिहायला घ्या.