अंदमानला पाठीवर सॅक घेऊन निघताना

तुम्ही दोघं पहिल्यांदाच अंदमानला निघालाय, तर आधी साताऱ्यातच एक काम करा. भरलेली सॅक पाठीवर टाकून सकाळी अजिंक्यतारा चढा. वर पोचेपर्यंत खांदे भरून आले, तर घरी येऊन निम्मं सामान काढा. जीन्स तर नकोच. तिथल्या दमट हवेत ती वाळत नाही आणि ओली जीन्स मांड्या सोलते.

सगळ्यात महत्त्वाचं बोटीचं. परतीच्या विमानाच्याच दिवशी स्वराज द्वीपहून (जुनं हॅवलॉक) निघायचा बेत आखू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. आमची अशीच रद्द झाली. हातात मोकळा दिवस होता म्हणून निभावलं. विमान सुटतं त्या पोर्ट ब्लेअरलाच शेवटची रात्र काढा. त्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय.

घड्याळ आपलंच, पण बेटं फार पूर्वेला. हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, त्यामुळं स्वराज द्वीपवरच्या एलिफंट बीचची जंगलवाट सकाळीच धरा.

वाळूतल्या बारीक माश्या चावताना कळतही नाहीत. रात्री घोट्याभोवती लाल पुरळ उठतं आणि झोप उडते. कितीही वाटलं तरी खाजवू नका, नखानं जखम होऊन चिघळते.

खारफुटीच्या खाडीत मगरीची पाटी दिसली, तर पाण्यात पाय घालायचा नाही. आपल्या कृष्णेतल्या मगरींपेक्षा या कितीतरी मोठ्या असतात. प्रवाळ मात्र उचलून आणू नका, कायद्यानं बंदी आहे.